आणि कळकलं तर?

कुठल्याही लग्नाला गेले की तात्या आधी मांडवात शिरत नसत. मांडवाला वळसा घालून ते मागच्या बाजूला, जिथे चुली पेटलेल्या असत तिथे जात. छत्री काखेत आणि धोतराचा सोगा हातात. आचारी घाम पुसून वर बघायचा, तोवर तात्यांनी एखाद्या पातेल्यावरचं झाकण उचललेलंही असे. ते वास घेत, काठाला बोट फिरवून बोटाकडे बघत, आणि मग आत वाकून तळ बघायचा प्रयत्न करत. आमटी रटरटत असताना तळ कसा दिसणार? पण तात्यांना तो बघायचा असे.

"कल्हई कधीची?"

"झाली की दिवाळीला."

"दिवाळीला! आता वैशाख चाललाय. आंबट काय घातलंय?"

"चिंच. आमटीला दुसरं काय घालत्यात?"

"आणि कळकलं तर?"

हा तात्यांचा प्रश्न. पितळेच्या भांड्याची आतली कल्हई उडाली आणि त्यात आंबट राहिलं, की ते पितळ खातं. हिरवट होतं, जिभेला कडसर लागतं, आणि मग पोटात जाऊन जे करायचं ते करतं. आमच्याकडे त्याला 'कळकलं' म्हणतात. सगळ्यांना ते ठाऊक असतं, आणि सगळे ते विसरून जेवतात. तात्या विसरत नसत. मिरजगावकडच्या एका लग्नात मुलीचा बाप चिडून म्हणाला होता, "मास्तर, मुलगी बघाय आलाय का पातेली?" आजूबाजूचे हसले. तात्या गंभीरपणे म्हणाले, "मुलगी तुम्ही सगळ्यांनी बघितलीय. पातेलं कोणी बघितलंय?" मग पंगतीत बसून त्यांनी बुंदी आणि कोरडा भात खाल्ला.

लोक त्यांना मागून 'कल्हईमास्तर' म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

मी जामखेडला शिक्षक म्हणून आलो ते मॅट्रिक होऊन. आमच्या घरात मॅट्रिक झालेला मी पहिला. वडील मेंढरं राखत आणि घोंगड्या विणत. मुलगा खुर्चीवर बसणार याचंच घरी कौतुक होतं. तात्या मराठी शाळेचे मुख्याध्यापक होते आणि गावाबाहेर त्यांनी खेड्यापाड्यातल्या मुलांसाठी एक बोर्डिंग चालवलं होतं. त्या बोर्डिंगवर देखरेख करायची आणि तिथेच जेवायचं, अशी माझी सोय त्यांनी लावली. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "पुढं शिकणार ना?" मी म्हणालो, "मॅट्रिक झालो की." तात्या म्हणाले, "मॅट्रिक म्हणजे कल्हई. दोन उन्हाळ्यांत उडते. बी.ए. सुद्धा कल्हईच, पण जरा जाड असते." हे त्यांनी मला पुढे इतक्या वेळा ऐकवलं की माझ्या न झालेल्या बी.ए.चीही त्यांनी एक काळजी करून ठेवली आहे हे मला कळलं. आज माझ्या नावापुढे ती अक्षरं आहेत, ती त्या काळजीने लावली आहेत.

काळजी हा तात्यांचा धंदाच होता. विहिरीचा दोर झिजला असेल, तुळईला वाळवी लागली असेल, मुलं ओढ्यावर गेली असतील. वर्गात शिकवता शिकवता ते मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत. अंगकाठी बारीक, कोटाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली, आणि कपाळावर आठ्या. झोपेतही त्या आठ्या जात नसाव्यात असं मुलं म्हणत.

बोर्डिंगच्या अंगणात चिंचेचं एक जुनं झाड होतं. आंबटाला भिणाऱ्या माणसाने ते झाड कधीच तोडलं असतं असं वाटेल. पण त्या झाडावर तात्यांचा फार जीव. ते म्हणत, "विष झाडात नाही, भांड्यात आहे." माघ-फाल्गुनात चिंचा झोडायच्या, टरफलं काढायची, चिंचोके वेगळे करायचे, गराला मीठ लावून गोळे वळायचे, आणि ते चिनीमातीच्या बरण्यांत भरायचे, हे काम ते मुलांकडून स्वतः उभं राहून करून घेत. चिंचोके माझ्या वडिलांकडे जात. घोंगडीला ताठपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ लावतात. कुणाचा पाय मुरगळला की चिंचेचा पाला उकळून त्याचा शेक. उन्हाने कुणाला भोवळ आली की चिंचेचा कोळ, गूळ, चिमूटभर मीठ, आणि ते पन्हं काचेच्या पेल्यातून. पोट साफ होत नसेल त्याला नुसता कोळ. काचेत, दगडात, मातीत चिंच चाले. पितळ दिसलं की तात्यांचा चेहरा बदले.

एकदा ओढ्याकाठी खेळताना एका मुलाने धोतऱ्याच्या बिया खाल्ल्या. पोरगं डोळे फाडून बरळायला लागलं, हवेतली माशी धरायला लागलं. तात्यांनी एकाला दवाखान्याकडे पळवलं. चिंचेचा कोळ पाजा, असं सगळेच ओरडत होते. स्वयंपाकीण सखुबाई कोळ कालवून घेऊन आली, तर तो पितळी गडव्यात.

"ओता तो!" तात्या ओरडले.

"आवं, पोराचा जीव चाललाय, अन् तुमी भांडं बघताय?"

"म्हणूनच बघतोय. ओता!"

मग दगडी खलात नव्याने कोळ झाला. मुलगा ओकला, निजला, आणि संध्याकाळी उठून त्याने भाकरी मागितली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, ओकला म्हणून वाचला. सखुबाई म्हणाली, चिंचेनं वाचला.  तात्या गडवा उन्हात धरून आतून बघत होते.

सखुबाईनेच मला त्यामागची गोष्ट सांगितली. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. "तात्यांची पोर हुती येक. चार-पाच वर्साची आसंल. काकींनी चिंचंचं सार केल्तं. सांच्याला उरलं, ते तसंच पातेल्यात ऱ्हायलं. सकाळी पोरीला भूक लागली, तिनं आपल्या हातानं घेऊन प्यायलं. दुपारपातूर गेली." तिने भाकरी तव्यावर टाकली. "तवापून त्या घरात चिंच शिजली न्हाई. अन् काकी कुनाच्या घरी जेवाय जात न्हाईत."

काकी म्हणजे तात्यांच्या पत्नी. त्यांचं घर बोर्डिंगला लागूनच होतं. मी काकींना त्यांच्या अंगणात फुलं तोडताना, वाती वळताना पाहिलं होतं. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तात्या दर जेवणाला ओसरीवरून विचारत, "सखुबाई, कळकणार नाही ना?" तेव्हा पलीकडच्या घराचं दार हळूच लोटलं जाई, हे मला त्या दिवसानंतर ऐकू यायला लागलं.

लढाई सुरू झाली तेव्हा रॉकेल, साखर, कापड महाग झालं, मिळेनासं झालं. ते सगळ्यांना जाणवलं. जपानने मलाया घेतला तेव्हा आणखी एक गोष्ट बाजारातून गेली, आणि ती फक्त तात्यांना जाणवली. कथील. कल्हईचं कथील त्या बाजूने यायचं.

उस्मानभाई कल्हईवाले दरवर्षी नगरहून फेरी करत आमच्याकडे येत. चिंचेखाली खड्डा करून भाता लावत, नवसागराचा पांढरा धूर निघे, आणि काळंमिट्ट पातेलं चांदीसारखं होऊन पाण्यात चर्रर्र करी. मुलांना ती जत्राच वाटे. त्या वर्षी उस्मानभाई आले ते उशिरा, आणि भाता न उतरवताच झाडाखाली बसले.

"मास्तरसाब, सलाम. एक बात आधीच सांगतो. कथिल न्हाई."

"थोडंसं तरी?"

"जे हाय त्यात शिसं मिसळलेलं हाय. बाजारात सगळे तेच लावतात, चमकतं पन झकास. पन तुमच्या पोरांच्या भांड्याला मी ते लावनार न्हाई. खुदाला तोंड दाखवायचं हाय मला."

"मग?"

"मग आंबट टाकू नका. कल्हई इरलीय, पन हाय अजून. घासताना जपा. राखेनं घासा, चोळू नका. चालंल तेवढं चालंल."

उस्मानभाई चहा पिऊन गेले. तात्या पातेल्यात डोकं घालून किती वेळ बसले होते कोण जाणे. ते बोर्डिंगचं एकच मोठं पातेलं, सगळ्यांचं कालवण त्यात व्हायचं. मी सहज म्हणालो, "तात्या, मातीची मडकी घेऊ या की. कुंभारवाडा इथं जवळ आहे. मातीत चिंच कळकत नाही."

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काही वाईट बोललो की काय असं मला वाटलं.

"तुम्हाला काय वाटतं, मला ते सुचलं नसेल? या बोर्डिंगात कोण कोण जेवतं बघा. पाटलाचा मुलगा आहे, माळ्याचे आहेत, तुमच्या धनगरांचे आहेत, महारवाड्यातले आहेत, तांबोळ्याचा आहे. सगळे एका ओळीत बसतात, पाळीपाळीनं वाढतात. पालक का गप्प बसलेत? पातेलं पितळेचं आहे म्हणून. पितळ राखेनं घासलं की शुद्ध झालं, असं त्यांनी मनाशी ठरवून घेतलंय. मी पण त्यांना ते ठरवू दिलं. मातीला ती सोय नाही. मडकं कुणाचा हात लागून बाटलं की बाटलं. उद्या मडकी आणली की परवा म्हणतील, आमच्या मुलाचं वेगळं शिजवा. हे बोर्डिंग एका पातेल्यावर उभं आहे, मास्तर."

इतकं सलग बोललेले तात्या मी पहिल्यांदाच ऐकले.

म्हणून आंबट बंद झालं. चैत्र लागला, उन्हं तापली. हुलग्याचं माडगं, मठाची उसळ, पातळ डाळ. कशातच चिंच नाही. ताकही घालायचं नाही, कारण तेही आंबट. मुलं भाकरीचे तुकडे ताटात फिरवत बसू लागली. लहान मुलं वाळली. तात्या रोज त्यांच्याकडे बघत आणि रोज पातेल्याकडे बघत. अन्न बेचव झालं म्हणून पोरं उपाशी राहतात आणि आंबट घालावं तर त्यांना काही झालं तर, या दोन काळज्यांच्या मध्ये ते सापडले होते. पोरं झाडावर उरलेल्या चिंचा चोरून खात, आणि तात्यांना ते दिसे, आणि ते पाठ फिरवून घेत.

सखुबाई मात्र खवळली. "पोरांच्या जिभंला चव न्हाई, अन् मास्तर म्हनत्यात जगतील. चिगूर आलाय झाडाला, कवळा लुसलुशीत आंबट पाला. मूठभर डाळीत टाकला तर काय मरनार हाय का कोन?"

"हो," तात्या म्हणाले. "मरेल."

ती तणतणत चुलीकडे वळली. पण चिगूर तिच्या डोक्यातून गेला नव्हता.

त्या सुमारास नामा नावाचा एक नवा मुलगा बोर्डिंगात आला होता. माळ्याचा, कामसू, सगळ्यांना आवडावं म्हणून धडपडणारा. भांडी घासायची पाळी त्याची होती. दुपारची पंगत उठली, शाळेला अजून अवकाश होता. तात्या ओसरीवर हिशेबाचं काही बघत बसले होते, मी शेजारी. नामा विहिरीकडून पातेलं डोक्यावर घेऊन आला. चेहऱ्यावर नुसता आनंद.

"तात्या, बघा की!"

त्याने पातेलं आडवं केलं. ऊन आत पडलं. पातेलं आतून सोन्यासारखं पिवळंधमक चमकत होतं.

तात्या उठले आणि पुन्हा बसले.

"कशानं घासलंस?"

"चिंचेनं अन् राखंनं. लई चोळलं. आमच्या आईचा हंडा आसाच चमकतो."

घरोघरी पाण्याची भांडी चिंचेनेच उजळतात. त्याच्या आईने शिकवलेलं काम त्याने मन लावून केलं होतं. उस्मानभाईंची उरलीसुरली कल्हई त्याने दोन हातांनी घासून काढली होती.

"पण आज..." तात्यांनी तळावरून बोट फिरवलं. "हे आज घासलंस की काल?"

"काल सांजच्याला पन घासल्तं की. आज फकस्त लकाकी आनली."

म्हणजे दुपारचं कालवण कल्हई गेलेल्या पातेल्यात शिजलं होतं. तरीही आंबट नव्हतं, म्हणून मला तेवढी भीती वाटली नाही. पण स्वयंपाकघराच्या दारात सखुबाई उभी होती, आणि तिने पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"सखुबाई."

"चिगूर," ती म्हणाली. "येक मूठ टाकल्ता. आज पोरं जेवली, तात्या. बोटं चाटून जेवली."

मला वाटलं तात्या ओरडतील.  ते खाली उतरले आणि मुलांना म्हणाले, "आज शाळा इथंच, झाडाखाली." मुलांना मजा वाटली. सगळी येऊन बसली. तात्यांनी मला भूगोल घ्यायला सांगितलं, एकाला दवाखान्याकडे पाठवलं, आणि स्वतः एका मुलापासून दुसऱ्या मुलाकडे फिरत राहिले. कुणाच्या कपाळाला हात लाव, कुणाला जीभ दाखवायला सांग. "पोटात कळ येते का? नाही? नक्की नाही?" इतकं विचारल्यावर एक-दोघांना कळ यायला लागलीच. मी नकाशावर नद्या दाखवत होतो, पण कुठली नदी कुठे गेली हे मला आजही सांगता यायचं नाही. नामा पातेलं कवटाळून भिंतीशी बसला होता. आपण काय केलं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण काहीतरी केलं आहे हे त्याला कळलं होतं.

डॉक्टर जवळच्या गावी गेले होते. कंपाउंडरने निरोप पाठवला, "उलट्या झाल्या तर घेऊन या." म्हणजे वाट बघण्याखेरीज काही करायचं नव्हतं. उन्हं कलत होती. कोणी खोकलं तरी तात्यांची मान वळे.

आणि मग मागच्या रांगेतला एक मुलगा खरंच ओकला.

तात्या धावले. मी धावलो. त्याला उचलून सावलीत घेतलं. सखुबाई मोठ्याने रडायला लागली, "माझ्या हातानं झालं, देवा, माझ्या हातानं!" इतर मुलं घाबरून उभी राहिली. त्या गडबडीत बाजूच्या घराचं दार उघडलं, आणि काकी आल्या. माझ्या पाहण्यात बोर्डिंगच्या अंगणात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी मुलाचं डोकं मांडीवर घेतलं, त्याने ओकलेल्याकडे नीट पाहिलं, मग त्याच्या सदऱ्याचा खिसा चाचपला. खिशात अर्धवट खाल्लेल्या चिंचांचा चिखल झाला होता.

"किती खाल्ल्यास रे?"

"लई," तो म्हणाला, आणि पुन्हा ओकला.

सखुबाईचं रडणं थांबलं. कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळीच हसली. तात्या हसले नाहीत.  ते काकींच्या समोर, मातीतच बसले आणि म्हणाले, "मी बघायला हवं होतं. रोज बघतो मी पातेलं. आजच कसं नाही बघितलं?"

काकी मुलाच्या तोंडावरून पदर फिरवत होत्या. हळूच म्हणाल्या, "तेव्हाही तुम्ही बघितलं नव्हतं. मीही नव्हतं बघितलं. इतकी वर्षं तुम्ही गावभरची पातेली बघताय आणि दर वेळी मला ऐकू येतं, की मी बघितलं नव्हतं."

 'आणि कळकलं तर?' हा प्रश्न तात्या इतकी वर्षं कुणाच्या कानावर घालत होते हे त्यांना त्या क्षणापर्यंत खरोखरच माहीत नसावं. मी मुलांना तोंडं धुवायला विहिरीकडे नेलं.

दिवेलागणीपर्यंत कुणाला काही झालं नाही. चिगूर मूठभरच होता, कालवण लगेच संपलं होतं. बहुधा त्यामुळे निभावलं. तात्यांनी मात्र त्याचा आनंद मानला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुंभारवाड्यात गेले.

मडकी आली आणि त्यांना जे वाटत होतं ते झालं. बातमी आठवडी बाजारातून खेडोपाडी गेली. पालक येऊन चिंचेखाली बसले. रंगनाथ पाटील त्यांच्यात मोठी असामी. सर्जेराव त्यांचा मुलगा, हुशार, चौथीत पहिला.

"मास्तर, पितळ हुतं तवा आमी काय बोललो का?"

"नाही बोललात."

"पितळंला इटाळ टिकत न्हाई. माती पिऊन घेती. आमच्या पोराचं मडकं येगळं ठिवा, आमी पैसं देऊ त्याचं."

इतर कोणी कोणी माना हलवल्या. तात्यांच्या कपाळावरच्या सगळ्या आठ्या एकत्र आल्या होत्या. मला वाटलं ते म्हणतील, बघू. काळजी करणारा माणूस नेहमी 'बघू' म्हणतो. ते म्हणाले, "पाटील, पितळेत पोरं मरतील. दोन मडक्यांत बोर्डिंग मरेल. मला दोन्ही नको. एकच चूल, एकच मडकं."

"मंग आमचं पोरगं न्यावं लागंल."

"न्या," तात्या म्हणाले.  "पण त्याचं गणित सोडू नका हो. अपूर्णांक कच्चे आहेत."

पाटलांनी सर्जेरावला नेलं. त्याच्यामागे आणखी काही गेली. कोणी भांडून, कोणी आजारी आजीचं निमित्त सांगून. संध्याकाळच्या पंगतीत मधूनमधून रिकाम्या जागा होत्या आणि उरलेली मुलं सरकून बसायला तयार नव्हती. तेव्हा काकी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मातीच्या मडक्यातलं चिंचेचं सार त्यांनी केलं होतं, जिऱ्या-मिरच्यांची फोडणी, गुळाचा खडा. सखुबाईने वाढायला हात पुढे केला तर त्या म्हणाल्या, "थांब, आधी इथं." आणि पंगतीच्या टोकाला बसलेल्या तात्यांच्या वाटीत त्यांनी सार ओतलं.

तात्यांनी वाटीकडे पाहिलं. मग काकींकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. काही विचारलं नाही. वाटी तोंडाला लावली. दात आंबले असावेत; डोळे मिटले गेले त्यांचे. वाटी खाली ठेवून ते म्हणाले, "मीठ थोडं कमी आहे." सखुबाई नंतर मला म्हणाली, मीठ बराबर हुतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मी कॉलेजात जायचं ठरलं. तात्यांनीच अर्ज, शिष्यवृत्ती, राहण्याची सोय, सगळं जुळवून आणलं होतं, आणि प्रत्येक गोष्टीत काय बिघडू शकतं हेही मला सांगून ठेवलं होतं. निघायच्या दिवशी सर्व्हिस मोटार बोर्डिंगसमोरच्या रस्त्यावर उभी होती. त्या काळात पेट्रोल नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, आणि भट्टी पेटून गाडी हलायला बराच वेळ लागे. निरोप आधीच झाला होता. मी खिडकीशी बसून बघत होतो.

बोर्डिंगच्या फाटकाशी कुंभाराची गाडी येऊन थांबली होती. मडकी सारखी फुटत. मुलांच्या हातून, चुलीच्या धगीने, कधी नुसतीच. दर काही दिवसांनी नवी आणावी लागत, आणि तात्यांना आता ती एक नवी काळजी झाली होती. ते गाडीतलं एकेक मडकं उचलत, बोटाच्या पेराने टिचकी मारत, कान लावून ऐकत. ठण्ण वाजलं तर उजवीकडे. बद्द वाजलं तर कुंभाराला परत.

तेवढ्यात रस्त्यावरून रंगनाथ पाटील येताना दिसले. मागे सर्जेराव, काखेत वळकटी. पाटील फाटकाशी येऊन उभे राहिले. उभेच राहिले. तात्यांचा कान मडक्याला होता. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाटलांना पाहिलं, आणि हातातलं मडकं त्यांच्यापुढे केलं.

"धरा."

पाटलांनी धरलं. नकळत धरलं असावं. तात्यांनी दुसरं वाजवलं, तेही चांगलं निघालं. "हे पण धरा."

"मास्तर, मी बोलायला आलोय."

"बोला ना. पण हलू नका, फुटेल."

ड्रायव्हरने हाक दिली, मोटार धडधडायला लागली. सर्जेरावने बापाकडे एकदा पाहिलं आणि वळकटी घेऊन तो फाटकातून आत गेला. तात्या तिसऱ्या मडक्याला कान लावून वाकले होते. मी हात हलवला तो त्यांना दिसला नाही. पाटील तोंड उघडून, दोन्ही हातांनी दोन मडकी छातीशी धरून उभे होते. मोटार वळेपर्यंत मी मान वळवून बघत होतो. तोवर ते हलले नव्हते.